सारसाचं मागचं बोट

१

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी सकाळी सव्वाआठ वाजता मी एकसष्ट पत्ते शाळेच्या लांब टेबलावर चित्रं वर करून मांडले. साठ पत्त्यांच्या कडा उचललेल्या होत्या, खालून तांदळाचा दाणा आडवा सरकेल इतक्या. एकसष्टावा टेबलाला टेकून सपाट पडला होता. तो सारसाचा होता.

हे पत्ते छापलेले नाहीत. जाड कागदाचे दोन थर भाताच्या खळीने चिकटवून ते तीस वर्षांपूर्वी इथेच, सानगडीत, बनवले गेले. वरच्या थरावर रंगवलेलं चित्र, खालच्यावर बॉलपेनने लिहिलेली नावं. तीस पावसाळे खाल्लेला असा पत्ता दिवाळीनंतरच्या दंवात कडा उचलतो आणि दुपारी उन्हात परत बसतो. मी अकरा वर्षं या स्पर्धेची पंच आहे आणि दर वर्षी सकाळी हे पाहते. सारसही इतर पत्त्यांसारखाच कडा उचलायचा. गेल्या वर्षीपर्यंत.

खेळाचं नाव बोडीचा डाव. बोडी म्हणजे धानाच्या शेतामागचं लहान तळं. आमचे विज्ञानाचे सेवकराम मास्तर म्हणायचे, पुस्तकातला जिराफ पाठ करण्याआधी घरामागच्या बोडीत कोण राहतं ते ओळखा. म्हणून हे पत्ते. मरळ, मांगूर, टिबुकली, खंड्या, शिंगाडा, कमळ, पाणसाप. प्रत्येकाला पाणी, जमीन आणि आभाळ असे तीन आकडे. प्रत्येक खेळाडूचे पाच पत्ते. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या पाचातला एक निवडून न्यायचा आणि स्वतःचा एक द्यायचा. डाव सुरू व्हायच्या आधी तासभर अदलाबदल. एका शिंगाड्यासाठी मी एकदा दोन पाणकोंबड्या दिल्या होत्या आणि आठवडाभर जेवले नव्हते.

सारस एकच. तो कोणाच्याच पाचात नसतो. मंडईला जो जिंकेल त्याने तो वर्षभर सांभाळायचा, मागे आपलं नाव लिहायचं आणि पुढच्या मंडईला परत आणायचा.

त्या काळी अठ्ठावीस खेळाडू होते, एकशे एक्केचाळीस पत्ते होते. आता बारा खेळाडू उरलेत. पत्ते वाळवीने खाल्ले, लेकरांनी फाडले, सुनांनी रद्दीत दिले. मास्तर जाऊन चार वर्षं झाली. राइस मिलवाला भूपेंद्र तीन वर्षांपासून म्हणतो आहे की पत्ते छापू, डब्यात घालू, शाळाशाळांत पाठवू. पत्त्यांवर हक्क मास्तरांच्या बायकोचा, गोदावरीकाकूंचा. त्या तीन वर्षांपासून एकच शब्द म्हणतात, "पाहू." आज दुपारी त्यांनी हो किंवा नाही सांगायचं होतं. नाही म्हटलं, तर फार तर चार-पाच मंडया. मग खेळ संपला.

मी सारस उचलून नाकाशी नेला. त्याला साबणाच्या पावडरीचा वास येत होता.

२

भिंग माझ्या पर्समध्ये असतंच. मी भंडाऱ्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते.

आधी पाठीमागची बाजू पाहिली. विजेत्यांची एकोणतीस नावं, एकोणतीस अक्षरं. तिसरं माझ्या भावाचं. त्याच्या 'भ'ची शेपटी मी कुठेही ओळखेन. पाठ खरी होती. पण कागदावर बारीक सुरकुत्या होत्या आणि त्यात अगदी फिकट निळसर झाक.

मग चित्र पाहिलं. रंग ताजा होता. लाल मानेच्या कडेला ब्रशचा एक केस अडकला होता, तो अजून मऊ होता.

म्हणजे पाठ जुनी आणि चित्र नवं. अर्धा पत्ता खरा, अर्धा खोटा.

आमचा नियम साधा आहे. नकली पत्ता आणणारा कायमचा बाद. हा पत्ता आणला होता गेल्या वर्षीच्या विजेत्याने, टेकचंदने. तो वरठीच्या पोलाद कारखान्यात आहे, माझ्या वर्गातला, पाच वेळा अंतिम डाव हरून सहाव्यांदा जिंकलेला.

"काय हो रुपाताई, कॉलेजातले बेडूक सरले काय? पत्त्याचं ऑपरेशन करून राहिल्या!" भूपेंद्र हातात पेढ्यांचा डबा घेऊन आत आला. काकूंचा होकार येणार या भरवशावर त्याने पेढे आधीच आणले होते.

मी सारस हाताखाली झाकला. "भूपेंद्र, तुझ्याजवळ याचा फोटो आहे न?"

"हाव. मागच्या मंडईले काढला होता, इथंच, साऱ्याईच्या समोर. डब्ब्याच्या झाकनावर लावाचा आहे न. वर सारस, खाली मास्तराईचा फोटो, अन् मोठ्या अक्षरात 'चित्रे: सेवकराम मास्तर'. कसं?"

"मागची बाजू काढली होती?"

"मागं काय पाहाचं? सह्या?" तो हसला, आणि मग थांबला. "काहून? काही झालं काय?"

"फोटो पाठव," मी म्हटलं.

फोटो आला. मी मोबाइल पत्त्याशेजारी ठेवला आणि चित्रं चोचीपासून खाली ताडून पाहत गेले. मान सारखी. पंख सारखे. धानाच्या ओंब्याही सारख्या, सात. पायाशी आले आणि थांबले. फोटोतल्या सारसाचं मागचं बोट लांब होतं, जमिनीवर टेकलेलं. टेबलावरच्या सारसाचं आखूड होतं, आणि जमिनीपासून वर.

३

चित्रं काढणारी एकच व्यक्ती माझ्या डोळ्यांसमोर होती, भूपेंद्रची भाची रक्षा. ती जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहते, वय वीस, टॅबवर चित्रं काढते. बारा खेळाडूंत तीच सगळ्यात लहान आणि यंदा टेकचंदला हरवेल अशी तिचीच चर्चा होती. व्हरांड्यात पाय पसरून ती एका वयस्कर खेळाडूकडून पाणसाप काढून घ्यायच्या खटपटीत होती.

"आजोबा, साप कायले ठेवता? घरी आजी आहे न!"

मी तिला बाजूला घेतलं आणि पत्ता दाखवला. तिने तो उजेडात तिरपा धरला.

"ताई, हा तर नवा आहे! कोणी केला?"

"तू."

ती चिडली नाही, हसली. "मी केला असता तर तुमाले समजलंच नसतं. हे पाय पाहा न. फोटोत वेगळे आहेत. नक्कल करनारा असं करत नाही. मी तर मूळ चित्रात डाग असला तर डागपन काढतो. चूक असली तर चूकपन काढतो. कॉपी म्हंजे कॉपी."

"मग ज्यानं हे काढलं, त्याचं लक्ष नव्हतं?"

"लक्ष होतं म्हनूनच तर." तिने पत्ता परत दिला. "सात ओंब्या बरोबर मोजल्या अन् बोट चुकवलं? जानून बदलवलं आहे त्यानं."

तिचं म्हणणं मला पटलं. कारण सारसाचं मागचं बोट खरोखर आखूडच असतं. बगळ्याला झाडावर बसायचं असतं, त्याला मागच्या बोटाने फांदी धरावी लागते. सारस झाडावर बसत नाही. नवं चित्र शास्त्रानुसार बरोबर होतं. चूक जुन्या, मूळ चित्रात होती.

आणि ती चूक मला फार वर्षांपासून माहीत होती.

४

टेकचंद शाळेमागच्या हातपंपाजवळ तोंड धूत होता. धुतलेलंच पुन्हा धूत होता.

"टेकचंद, पांढरा शर्ट धुवाले कोणी टाकला, तू का वहिनीनं?"

त्याचा हात पंपाच्या दांड्यावर थांबला.

"सारस खिशात होता," मी म्हटलं. "खळ पाण्यात विरघळते. दोन्ही थर सुटले. वरचा रंग पाण्याचा होता, तो वाहून गेला. बॉलपेनची शाई तेलाची असते, तिला पाण्यानं काही होत नाही, म्हणून नावं राहिली. अन् मागच्या कागदाले नीळ लागली आहे. नीळ पांढऱ्या कपड्यालेच लावतात."

तो पंपाच्या ओट्यावर खाली बसला. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, पण मला त्याच्यात आठवीतला टेकचंद दिसला. बाकाखाली बेडूक लपवताना पकडला गेलेला.

"दसऱ्याचा शर्ट होता," तो म्हणाला. "कारखान्यातल्या पोराईले दाखवाले नेला होता सारस. मंदाचा काय दोष? तिनं खिसा नाही पाहिला, मी नाही काढला. बालटीत हात घातला तं हातात लगदा आला रुपा. तीस वर्साचा लगदा."

"अन् मग?"

"मंग काय? बाद कर मले. नाव काट अन् मोकळी हो."

"चित्र कोणी काढलं?"

"चोरी नाही केली मी. फसवाचंबी नव्हतं मनात. मी तं सांगाले गेलो होतो का पत्ता गेला, माफी द्या." "पुढचं सांगाची सोय नाही. शपथ घातली आहे मले."

"कोणाची?"

"मास्तराईची," तो म्हणाला, आणि उठून पुन्हा तोंड धुवायला लागला.

मैदानावर संध्याकाळच्या दंडारीच्या लोकनाट्यासाठी आणलेला माइक कोणीतरी फुंकून पाहत होतं. मग त्याच माइकवर भूपेंद्रचा आवाज आला. "पंच रुपाताई, कुठं असाल तिथून या. सारस नकली निघाला म्हनतात. हे खरं आहे काय?"

रक्षाने मामाला सांगितलं होतं. लपवायचं आहे असं मी तिला म्हटलंच नव्हतं.

५

मी माइककडे गेले नाही. मी टेबलाशी गेले आणि एक शेवटची गोष्ट तपासली.

चित्रात सावली दाखवायला बारीक तिरप्या रेघा मारतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या रेघा सहसा वरून उजवीकडून खाली डावीकडे झुकतात. डावखुऱ्याच्या उलट. मी साठही पत्ते पाहिले. मरळीच्या पोटाखाली, कमळाच्या पानावर, खंड्याच्या पंखात, सगळीकडे रेघा डावखुऱ्याच्या होत्या. नव्या सारसातही. एकाच हाताच्या.

मास्तर फळ्यावर उजव्या हाताने लिहायचे. पाच वर्षं मी त्या फळ्यासमोर बसले होते.

आणि मग ती सकाळ आठवली. मी आठवीत होते. आमच्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी उतरली होती आणि चिखलात पाऊल उमटलं होतं, तीनच बोटांचं. मी धावत मास्तरांच्या घरी गेले. "सर, तुमच्या सारसाचं मागचं बोट चुकलं. ते चिखलात उमटतच नाही." मास्तर माझ्याकडे पाहायचं सोडून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून म्हणाले, "ऐकलं काय? पोरगी बरोबर म्हनते." आतून भांड्याचा आवाज थांबला होता. मला वाटलं, ते माझं कौतुक काकूंना ऐकवत आहेत. विज्ञान शिकणाऱ्या मुलीने समोरचं निरीक्षण इतकं वाईट करावं!

त्या चुकीबद्दल तीनच माणसांना माहीत होतं. मी, चार वर्षांपूर्वी गेलेले मास्तर, आणि दाराआडची व्यक्ती. नक्कल करणारा चूक सुधारत नाही. सुधारतो तो, ज्याची ती चूक असते.

मास्तरांचं घर शाळेच्या फाटकासमोर. काकू ओसरीत बसून उकडलेले शिंगाडे सोलत होत्या. सुरी डाव्या हातात. मला पाहून त्यांनी एक सोललेला शिंगाडा उजव्या हातात घेतला आणि तो पुढे केला. डाव्या हाताने कोणाला काही द्यायचं नाही, हे त्या सासरी शिकल्या होत्या. म्हणून मांडवात, हळदीकुंकवात, पंगतीत, कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"बोट सुधारलंत काकू," मी म्हटलं.

त्यांनी हातातलं साल बाजूला टाकलं.

"तूच म्हटलं होतं न, उमटत नाही म्हनून. तवापासून टोचत होतं. आता हातात आलं तं सुधरवलं." मग हलकेच हसल्या. "आठ दिवस पाट्याखाली दाबून ठेवला पोरी, तरी तुले समजलं."

"त्याच्यामुळेच समजलं. सारेच पत्ते काढलेत तुमी?"

"मंग? मास्तराईले बेडूक काढाले सांगा, तं आलू निघे. खेळ त्याईचा. आकडे, नियम, कोन कोनाले खाते, सारं त्याईचं. मी सकाळी भात वेळला का त्याची खळ करो, दुपारी चित्र काढो. मजा होती तवा." त्यांनी ओसरीच्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे आता धानाची पोती होती. "तिथं वाळत घालो. तुमी पोट्टे दारातून वाकून पाहा, आज कोन आलं म्हनून."

मी पाहायचे. खळीचा वास, ओल्या रंगाचा वास, आणि रांगेत वाळणारे ते जीव. मास्तर तिथे ऐटीत उभे असायचे आणि आम्ही "सर, किती मस्त!" म्हणायचो. सर "हं" म्हणायचे.

"त्यांनी सांगितलं का नाही कधी?"

"साहेब आले होते तालुक्यातून. शाल देल्ली, नारळ देल्ला, म्हने मास्तर, तुमच्या हातात जादू आहे. आता साऱ्या गावासमोर हे काय बोलतीन? घरी आले अन् शाल माह्या खांद्यावर टाकली. म्हने, उद्या सांगतो साऱ्याईले. उद्या उद्या करता गेले." त्यांनी सुरी खाली ठेवली. "वाईट नव्हते ते. भेकड होते थोडेसे."

"म्हणून तुम्ही भूपेंद्रला 'पाहू' म्हणता."

"हो म्हटलं तं खोटं हजार डब्ब्यावर छापून येते. नाही म्हटलं तं खेळ मरते. अन् खरं सांगितलं तं मेलेल्या मानसाची शाल मी साऱ्याईच्या समोर ओढून घेते. तूच सांग, तूनं काय केलं असतं?"

रस्त्यापलीकडून माइक ओरडला, "टेकचंद बाद! पंच येवो का न येवो, टेकचंद बाद!"

काकूंनी पदराला हात पुसले.

"त्या पोट्ट्यानं नाव नाही घेतलं माह्यं?"

"नाही. शपथ आहे म्हणाला."

"पागल आहे," त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

६

मैदानावर शंभर-सव्वाशे माणसं जमली होती. पाळण्यावरची लेकरंसुद्धा उतरून आली होती. टेकचंद टेबलाशी मान खाली घालून उभा होता. त्याने स्वतःचे पाच पत्ते टेबलावर वेगळे काढून ठेवले होते, निघून जाणारा माणूस ठेवतो तसे. रक्षा रडवेली होऊन मामाचा हात ओढत होती. "मामा, ऐका न, ताईले येऊ द्या न."

"आल्या पहा ताई!" भूपेंद्र म्हणाला. "नियम तुमचाच. नकली पत्ता, मानूस बाद. का मैत्री पाहून राहिल्या?"

मी माइक घेतला. माझा आवाज वर्गाबाहेर फारसा चालत नाही.

"पत्ता धुतला गेला होता," मी म्हटलं. "पाठ जुनी आहे, चित्र नवं आहे. पंच म्हणून माझा निर्णय असा, की पत्ता नकली नाही. जुनं चित्र ज्या हातानं काढलं, त्याच हातानं हे काढलं आहे. टेकचंद बाद नाही."

कोणीतरी हसलं.

"त्याच हातानं?" भूपेंद्रने विचारलं. "मास्तराईले जाऊन चार वर्सं झाले ताई. वरून काढून पाठवलं काय?"

मी उत्तर देऊ शकले असते. बोट, रेघा, नीळ, सगळा क्रम माझ्या डोक्यात फळ्यावर लिहिल्यासारखा होता. पण उरलेलं वाक्य माझं नव्हतं. मी माइक बाजूला धरला.

गोदावरीकाकूंनी तो घेतला नाही. त्या टेबलाशी आल्या, टेकचंदचे पाच पत्ते उचलून त्याच्या हातात दिले. मग अदलाबदलीच्या हिशोबासाठी ठेवलेलं माझं पेन उचललं, डाव्या हातात. टेबलावरच्या कोऱ्या कागदावर त्यांनी चार रेघांत एक टिबुकली काढली. पाण्यात अर्धं बुडालेलं लहानसं पाखरू, मान वळवून मागे पाहणारं. अर्धं मिनिट लागलं असेल. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या माझ्या पन्नाशीच्या भावाने, तिसऱ्या मंडईच्या विजेत्याने, तोंडावर हात ठेवला.

भूपेंद्र त्या कागदाकडे पाहत राहिला. मग टेबलावरच्या टिबुकलीच्या पत्त्याकडे. मग पुन्हा कागदाकडे. त्याच्या हातातला पेढ्यांचा डबा तिरपा झाला आणि रक्षाने तो धरला.

"काकू," तो अगदी हळू म्हणाला. "आमी तुमाले साऱ्या जन्मात फक्त पानी मागितलं वो. 'काकू पानी द्या', एवढंच."

"देल्लं न मंग," काकू म्हणाल्या.

मोठ्या माणसासमोर बोलायचा धीर गोळा करावा तसा भूपेंद्रने श्वास घेतला. "मंग आता मी विचारत नाही. तुमी नाही म्हनसान तरी चालन. तुमच्या मनात असन ते."

काकूंनी मैदानाकडे पाहिलं. समोर त्या दारातून वाकून पाहणाऱ्या पोरांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांचा आवाज स्वच्छ होता, आणि माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"छाप भूपेंद्र. खेळ मास्तराईचा लिवजो, अन् चित्रं गोदावरीचे."